सहावा फ्यूज

देवमनला त्या दिवशी सकाळी फक्त तीन फ्यूज आणायला पाठवलं होतं. गोष्ट इथून सुरू होते, असं नानाजी म्हणाले आणि बिडी पेटवावी की नाही या विचारात काडेपेटी नुसती हातात फिरवत बसले.

रिठदच्या शिवारात डिसेंबरची रात्र होती. हरभऱ्याला पाणी द्यायचं होतं, थ्री फेजची लाइट बारा वाजता येणार होती आणि अकराला अजून वीस मिनिटं कमी होती. विहिरीजवळ पंपाच्या स्टार्टरच्या पेटीला पाठ टेकून नानाजी बसले होते. समोर त्यांचा नातू शिवम आणि शेजारचा पवन, दोघंही वाशिमच्या कॉलेजात शिकणारे. नानाजींनी उभी हयात वायरमन म्हणून काढली. रिसोड भागातल्या कितीतरी मिलचे विजेचे पॅनल त्यांच्या हातचे. भुताखेतांचं त्यांना फारसं कौतुक नाही. ते सांगतात त्या गोष्टी यंत्रांच्या असतात, आणि म्हणूनच त्या ऐकल्यावर झोप येत नाही.

"देवमन म्हंजे तो एका हाताचा?" पवननं विचारलं.

"तोच. तवा दोन होते त्याले," नानाजी म्हणाले.

रिसोडच्या बाहेर पारसशेटची डाळ मिल. वडिलांनी उभी केलेली, आता पारस चालवतो. वय चौतीस, पुण्याला शिकून आलेला, अंगात कायम पांढरा शर्ट. तिथं तूर येते ती आधी जमिनीतल्या खड्ड्यात पडते आणि तिथून एलिवेटर तिला वर चढवतो. एलिवेटर म्हणजे उभा लांब पट्टा, त्याला ओळीनं लोखंडी डबे. डबे खालून तूर भरून घेतात आणि तीन मजले वर नेऊन ओततात. तो थांबला की अख्खी मिल थांबली. खड्डा बारा फूट खोल, उतरायला लोखंडी शिडी, आत दोन माणसं जेमतेम उभी राहतील एवढी जागा. पट्टा अडकला तर कोणीतरी खाली उतरायचं, झडपेतून हात आत घालायचा आणि अडकलेली तूर उपसून काढायची.

हे काम सोमलाचं. बावीस वर्षं त्याचंच. मंगरूळपीरकडच्या बंजारा तांड्यावरचा शिडशिडीत माणूस, बोलायला कमी, पण एका बाबतीत बापाचंही न ऐकणारा. खाली उतरण्याआधी तो पॅनल उघडायचा, एलिवेटरचे तिन्ही फ्यूज उपसून काढायचा आणि खिशात टाकायचा. चिनी मातीचे ते जुने फ्यूज, ज्यांना आपले लोक किटकॅट म्हणतात. सोमलानं तिन्हींच्या पाठीवर निळ्या ऑइलपेंटचा ठिपका दिला होता, आणि त्यातल्या एकाचा कोपरा उडालेला होता. उतरणाऱ्याच्या खिशात फ्यूज असला की वरचा माणूस कितीही बटणं दाबो, मशीन हलणार नाही. वर आल्यावर फ्यूज परत बसवायचे, आणि तरीही पॅनलवाल्यानं आधी हाक द्यायची : "खड्डा मोकळा?" उतरलेल्यानं खड्ड्याच्या तोंडाशी उभं राहून म्हणायचं, "मोकळा." हे उत्तर आल्याशिवाय बटण नाही. देवमनला हे सगळं सोमलानंच शिकवलं. देवमन नऊ वर्षं पॅनलवर होता, आणि नऊ वर्षांत त्यानं एकदाही हाक चुकवली नव्हती.

गेल्या फेब्रुवारीत एलिवेटर बंद पडायला लागला. सहा तारखेच्या रात्री एक वाजून चाळीस मिनिटांनी. सात तारखेला, एक चाळीस. आठला, एक चाळीस. सोमला तिन्ही रात्री खाली उतरला. काही अडकलेलं नाही, पट्टा जागेवर, मोटर थंड. वर येऊन फ्यूज बसवले की मशीन निमूट सुरू. वाशिमहून मेकॅनिक आला, त्यानं मोटर खोलली, परत बसवली आणि हात झटकले.

"तुमाले बोलावलं होतं का, आजोबा?" शिवमनं विचारलं.

"बोलावलं होतं. मीबी पाहून आलो. काहीच नव्हतं. ज्या मशीनीत काहीच बिघाड नाही ना, तिच्यापासून दूर राहावं मानसानं."

पण पारसपुढे अडचण होती. एका मोठ्या कंपनीनं त्याची डाळ घ्यायचं ठरवलं होतं आणि त्यांचा माणूस येऊन म्हणाला, मशीन बंद पडल्यास तुम्ही काय कराल ते लेखी द्या. प्रत्येक कामाला तीन नावं पाहिजेत. एक नसला तर दुसरा, दुसरा नसला तर तिसरा. पारसनं एका रविवारी एसीत बसून तक्ता तयार केला. छान तक्ता. रंगीत. प्लास्टिकमध्ये घालून पॅनलशेजारच्या भिंतीवर लावला. जनरेटर कोण सुरू करेल, ट्रकवाल्याला फोन कोण करेल, सगळं त्यात. खड्ड्याच्या ओळीत लिहिलं : सोमला, तो नसल्यास देवमन. तिसरं नाव सुचेना. खड्ड्यात उतरायला दुसरं कोणी तयारच नव्हतं. रकाना रिकामा कसा ठेवायचा, म्हणून पारसनं हसत हसत स्वतःचं नाव टाकलं. कोण बघायला येणार आहे.

आणि शेवटची ओळ अशी : फ्यूज जागेवर नसल्यास पेटीतले राखीव फ्यूज लावून पाच मिनिटांत मशीन सुरू करावी.

तेच तीन राखीव फ्यूज आणायला सोमवारी सकाळी देवमनला रिसोडच्या बाजारात पाठवलं होतं. त्यानं आणले. पांढरेशुभ्र, नवे. पॅनलखालच्या पेटीत ठेवले.

सोमलानं तक्ता देवमनकडून वाचून घेतला. मग ऑफिसच्या दारात जाऊन उभा राहिला.

"शेटजी, फ्यूज जागेवर नसला म्हंजे मानूस खाली असते."

"मग हाक मारायची ना, सोमलादादा," पारस मोबाईलमधून डोकं न काढता म्हणाला. "चाळीस चाळीस मिनिटं मिल उभी राहते. तुमच्या खिशातल्या तीन फ्यूजसाठी माझी गाडी थांबणार का?"

सोमला वळून कामावर गेला. देवमन तिथंच होता. तोही काही बोलला नाही. घरी दोन पोरी, आणि पारस त्याला हेड ऑपरेटर करणार अशी बोलवा होती.

मंगळवार, अकरा फेब्रुवारी. रात्री एक चाळीसला एलिवेटर थांबला.

सोमलानं तिन्ही निळे फ्यूज काढले, खिशात टाकले, शिडी उतरला. बाहेर ट्रक उभा, ड्रायव्हर हॉर्न देत होता. पारस त्या दिवशी स्वतः मिलमध्ये होता. दोन वाजता तो ऑफिसमधून बाहेर आला, तक्त्यापाशी उभा राहिला आणि बोटानं ओळी वाचू लागला.

"फ्यूज नाहीत. पेटीतले लाव."

"सोमलादादा खाली हाये, शेट."

"वीस मिनिटं झाली. निघाला असेल. लाव."

देवमननं पेटी उघडली. पहिला बसवला. दुसरा. तिसरा. हाक मारायला त्यानं तोंड उघडलंही होतं. पण हाक मारली तर खालून 'थांब' येणार हे त्याला माहीत होतं. आणि 'थांब' आलं की पारस आपल्यावरच चिडणार, हेही माहीत होतं. एवढ्याशा भीतीपायी त्यानं तोंड मिटलं आणि हिरवं बटण दाबलं.

नानाजींनी काडेपेटी खिशात ठेवून दिली.

"ओरडला का तो?" पवननं हळूच विचारलं.

"नाही. डबे वर आले फक्त."

सोमलाला बाहेर काढलं तेव्हा चार वाजले होते. पारस आधी गडबडला, पण सावरला लवकर. अशा माणसांना सावरायला वेळ लागत नाही. त्यानं सोमलाच्या खिशात हात घातला. निळे फ्यूज निघाले, पण दोनच. कोपरा उडालेला तिसरा सापडेना. खड्ड्यात पाहिलं, तुरीत चाळलं, नाही. मग पारसनं पॅनलमधले नवे तिन्ही काढले, त्या जागी सोमलाचे दोन निळे बसवले, एक नवा पांढरा देवमनच्या हातात दिला आणि म्हणाला, "याला ठिपका दे."

रंगाचा डबा सोमलाच्याच कपाटात होता. देवमननं ठिपका दिला. पोलीस आले तेव्हा रंग ओला होता. कोणी हात लावून पाहिलं नाही. कागदावर असं गेलं की लाइट गेली, आली, मशीन आपोआप सुरू झाली, मयत इसम फ्यूज न काढता खाली उतरला होता. देवमननं खाली सही केली. पुढच्या आठवड्यात तो हेड ऑपरेटर झाला आणि पॅनलवर भाऊसिंग नावाचा नवा माणूस आला.

तेराव्यानंतर सोमलाची बायको गोमतीबाई मिलवर आली. रडली नाही, भांडली नाही, काही मागितलं नाही. गेटपाशी देवमनला गाठून तिनं एवढंच विचारलं :

"भाऊ, खरं सांगजो. त्याच्या खिशात फ्यूज होते का?"

मागं कधीतरी सोमलाच्या बोटाला खड्ड्यात जखम झाली होती. तेव्हा गोमतीबाईनं त्याला संस्कृती नावाच्या पोरीची शपथ घ्यायला लावली होती. फ्यूज खिशात घातल्याशिवाय खाली उतरणार नाही, अशी. लेकीच्या डोक्यावर हात ठेवून घेतलेली शपथ. ती त्यानं पाळली की मोडली, एवढंच तिला कळायला हवं होतं.

ऑफिसच्या काचेतून पारस बघत होता.

"नव्हते, भाबी," देवमन म्हणाला.

तिनं मान हलवली आणि निघून गेली. देवमननं त्या रात्री दोन वेळा हात धुतले. अंगठ्याचा निळा डाग चांगला निघाला, जरासुद्धा राहिला नाही. तेच त्याला लागलं, असं तो सांगतो.

पुढं दीड महिना एलिवेटर एकदाही थांबला नाही. पारस म्हणायचा, बघा, तक्ता लावल्यापासून कसं सुरळीत आहे.

एकोणतीस मार्च, शनिवार. दुसऱ्या दिवशी पाडवा, मिल बंद राहणार, म्हणून रात्रीतूनच गाडी भरून काढायची होती. अमावास्या होती, पण नानाजी म्हणाले, ते सोडा. अमावास्या वर्षात बारा येतात आणि मिल बाराही रात्री चालते.

एक चाळीसला एलिवेटर थांबला.

सगळे तक्त्याकडे बघायला लागले. सोमला, तो नसल्यास देवमन. पारस ऑफिसच्या दारात येऊन उभा राहिला. नुसती भुवई उचलली.

देवमन पॅनलपाशी गेला. त्यानं तिन्ही निळे फ्यूज काढले. सोमलाचे दोन, आपण रंगवलेला एक. पॅंटच्या उजव्या खिशात टाकले. मग खाली वाकून पेटीतले राहिलेले दोन पांढरे काढले. ते डाव्या खिशात. सबंध मिलमध्ये आता एलिवेटरचा सहावा फ्यूज नव्हता. पॅनलला कुलूप लावून किल्लीही त्यानं खिशात घातली.

"भाऊसिंग, इथून हालजो नको," तो म्हणाला. "कोनी काहीबी सांगो. मी समोर येऊन 'मोकळा' म्हनन तवाच बटन. समजलं?"

"समजलं, दादा."

डोक्याला बॅटरी बांधून तो उतरला. अकरा पायऱ्या. तुरीचा कोरडा वास. खाली पाय टेकले तेव्हा आपल्या श्वासाचा आवाज त्याला मोठा वाटला. वर पाहिलं. तोंडाशी पिवळा उजेड होता, आणि भाऊसिंगची सावली.

त्यानं झडप उघडली, उजवा हात खांद्यापर्यंत आत घातला आणि चाचपलं.

तूर नव्हती.

एक दाणाही नव्हता. डबे रिकामे आणि स्वच्छ होते. रोज हजारो किलो तूर उचलणारे डबे... धुऊन पुसून ठेवल्यासारखे.

मग वर आवाज झाला.

खट्.

देवमनला तो आवाज ओळखीचा होता. चिनी मातीचा फ्यूज पितळेच्या पट्टीत बसतो तेव्हा होतो तो. नऊ वर्षं रोज ऐकलेला. त्यानं डाव्या हातानं खिसे दाबले. उजवीकडे तीन. डावीकडे दोन. किल्ली. सगळं होतं.

खट्.

"भाऊसिंग?"

सावली जागेवरच होती, हलत नव्हती.

त्यानं उजवा हात बाहेर ओढला.

आला नाही.

कशात अडकला नव्हता. कोणी धरलाही नव्हता, असं देवमन आजही सांगतो. दुखतही नव्हता. फक्त... आला नाही.

खट्.

तीन झाले.

आता हाक येणार. देवमनला माहीत होतं. भाऊसिंगला त्यानंच शिकवलं होतं, हाकेशिवाय बटण नाही. हाक आली की 'थांब' म्हणायचं. जोरात. एवढंच करायचं. एवढंच तर करायचं...

"खड्डा मोकळा?" वरून भाऊसिंगचा आवाज आला.

देवमननं तोंड उघडलं.

आवाज निघेना.

जीभ जागेवर होती. छातीत श्वास होता. ओठ हलत होते. आवाज नव्हता. त्या रात्री बटणापाशी त्यानं जशी हाक गिळली होती... तसंच काहीतरी घशात येऊन बसलं होतं.

"खड्डा मोकळा?"

खड्ड्यात दोन माणसं जेमतेम उभी राहतील एवढी जागा.

देवमनच्या मानेवर गार श्वास आला.

आणि अगदी त्याच्या कानाशी, शांतपणे, बावीस वर्षांच्या सवयीनं, सोमला म्हणाला :

"मोकळा."

...

विहिरीत कुठूनसा खडा पडला. शिवमनं मागं वळून पाहिलं नाही. पवन नानाजींच्या आणखी जवळ सरकला.

हात खांद्यापासून गेला. माणूस वाचला. भाऊसिंग नंतर नानाजींना एकट्यात भेटला तेव्हा शपथेवर म्हणाला, उत्तर स्वच्छ ऐकू आलं होतं आणि आवाज देवमनदादाचाच वाटला होता. फ्यूज कोणी बसवताना त्यानं पाहिलं नाही, पण पॅनलचा दिवा लागला म्हणून त्याला वाटलं, दादा वर आला असेल. मशीन चालली. मग किंकाळी आली. लोक खाली धावले, देवमनच्या खिशातून किल्ली काढून पॅनल उघडलं, तर फ्यूजच्या तिन्ही जागा रिकाम्या होत्या.

"रिकाम्या असून मशीन चालली?" पवन म्हणाला.

"चालली. मले इचारशील तर तारेत करंट जायाले रस्ताच नव्हता. तरी चालली."

देवमन रक्तात पडलेला असताना पारसनं त्याचे खिसे रिकामे केले. पाच फ्यूज निघाले. तीन निळे त्यानं पॅनलमध्ये बसवले, दोन पांढरे पेटीत टाकले. एकदा केलेलं काम दुसऱ्यांदा सोपं जातं.

अकोल्याच्या दवाखान्यात चौथ्या दिवशी देवमनला शुद्ध आली. डोळे उघडवत नव्हते, पण ऐकू येत होतं. खाटेच्या पायथ्याशी त्याची बायको रूपाली बोलत होती.

"भाऊसिंगभाऊ, एवढं सांगा. त्याईच्या खिशात फ्यूज होते ना? ते काढल्याबिगर उतरनार नाहीत हो."

देवमन वाट बघत पडून राहिला. पाच होते. भाऊसिंगनं डोळ्यांनी पाहिले होते. सांग, तो मनात म्हणत होता. सांग ना रे...

भाऊसिंगलाही घर होतं.

"नव्हते, वयनी," तो म्हणाला.

रूपालीनं देवमनचं पांघरूण सारखं केलं. देवमनच्या डोळ्यांतून पाणी आलं ते तिला वाटलं, हाताच्या दुखण्यानं आलं.

घरी जायच्या दिवशी दवाखान्यानं कपड्यांची पिशवी दिली. रूपालीनं ती खाटेवर उलटी केली. पॅंटचे खिसे रिकामे होते. शर्टाच्या वरच्या खिशात मात्र काहीतरी जड होतं. तिनं ते बाहेर काढलं.

चिनी मातीचा फ्यूज. पाठीवर जुना, तडकलेला निळा ठिपका. एक कोपरा उडालेला.

"हे काय व्हय?" तिनं विचारलं. देवमननं तोंड भिंतीकडे केलं.

महिनाभर तो फ्यूज घरात कोनाड्यात पडून होता. देवमनला झोप लागत नव्हती. एकच गोष्ट करायची राहिली होती, आणि ती केल्याशिवाय आपली सुटका नाही हे त्याला कळून चुकलं होतं. मे महिन्यात एक दिवस तो एकट्यानं बसनं मंगरूळपीरला गेला, तिथून जीपनं तांड्यावर. गोमतीबाई दारात ज्वारी पाखडत होती. देवमननं डाव्या हातानं फ्यूज तिच्यापुढं धरला आणि सगळं सांगितलं. पेटीतले फ्यूज, गिळलेली हाक, रंगाचा डबा, सगळं.

"होते त्याच्या खिशात, भाबी. तिन्ही होते. त्यानं शपथ मोडली नाही."

तिनं सूप खाली ठेवलं. फ्यूजकडे पाहिलं. हात लावला नाही.

"माही संस्कृती बापाचं नाव काढत नाही आता," ती म्हणाली. "'माह्या डोक्यावर हात ठेवून खोटं बोलला,' म्हंते. त्याचा फोटो तिनंच चुलीत घातला. एकच होता. मी घालू देला."

देवमननं फ्यूज तसाच पुढं धरून ठेवला.

"तवा एक शबुद खरा बोलला असता, तर तुले काय झालं असतं? नोकरी गेली असती. आता पाह्य, हात गेला. अन् माह्या पोरीचा बाप दोनदा गेला." तिनं सूप परत उचललं. "ने हे. माह्या दारात ठेवू नको. ज्याच्या खिशात पायजे त्याच्या खिशात जाऊ दे."

देवमन परत फिरला. रिसोडच्या स्टँडवर उतरला तेव्हा फ्यूज खिशात होता, त्यानं चाचपून पाहिलं होतं. रिठदला घरी पोचला तेव्हा नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी रिसोडला पारसची बायको रिंकू धुवायचे कपडे काढत होती. खिसे तपासायची तिला सवय. पारसच्या पांढऱ्या शर्टाच्या खिशातून तिनं एक फ्यूज काढला आणि बेसिनवर ठेवला. "मिलचं सामान घरी कशाला आणता?" एवढंच ती म्हणाली. पारसनं तो पाहिला आणि दाढी अर्धीच ठेवून मिलवर गेला. जाताना फ्यूज लांब नाल्यात फेकला.

मिलमध्ये पोचल्यावर खुर्चीत बसला तेव्हा खिशात काहीतरी टोचलं.

त्या दुपारी त्यानं नानाजींना बोलावून घेतलं. ऑफिसचं दार लावलं. येताना नानाजींनी पाहिलं होतं, पॅनलशेजारचा तक्ता त्यानं फाडून टाकला होता, पण चिकटपट्टीखाली एक कोपरा राहिला होता. त्यावर खड्ड्याच्या ओळीतलं तिसरं नाव तेवढं शिल्लक होतं. पारसनं फ्यूज टेबलावर ठेवला.

"नानाजी, हे पॅनल तुम्हीच बसवलंत. बघा जरा."

नानाजींनी उचलला. त्यांनीच बावीस वर्षांपूर्वी बसवलेला, कोपरा त्यांच्याच हातून उडालेला. आणि फ्यूज गरम होता. भरपूर करंट चालू असताना होतो तेवढा. आत तार नव्हती.

"बाहेर काढल्यावर किती वेळ गरम राहतो?" पारसनं विचारलं. अर्धी दाढी तशीच होती.

"दोन मिनिटं. लय झालं तर पाच."

"सकाळपासून असाच आहे."

नानाजींनी फ्यूज टेबलावर, काचेच्या मधोमध ठेवला. उठले, चप्पल घातली. सोमलाला ते ओळखत होते, खड्डाही ओळखत होते.

मिल अजून चालू आहे. एलिवेटर तेव्हापासून एकदाही थांबलेला नाही. पारस रात्री सगळे दिवे लावून बसतो म्हणतात, घड्याळाकडे बघत.

"मंग भेव कायचं त्याले?" शिवम म्हणाला. "बंद पडलाच नाही तर खाली उतरायचं कामच नाही."

दूर ट्रान्सफॉर्मरच्या डीपीवर खर्रकन आवाज झाला. लाइट आली होती. स्टार्टरच्या पेटीकडे जायला दोघांपैकी कोणी उठलं नाही.

"दारापाशी गेलो तवा त्यानं हाक मारली मले," नानाजी म्हणाले. "नुसतं 'नानाजी' म्हनला. मी वळून पाह्यलं. खुर्चीतून हालला नव्हता तो. दोन्ही हात टेबलावर होते..."

त्यांनी खिशातली काडेपेटी पुन्हा हातात घेतली.

"काच रिकामी होती. अन् त्याच्या पांढऱ्या शर्टाचा खिसा वजनानं खाली ओढला होता."